उभं राहून घेतलेला फोन

माघातला पहिला रविवार. पुढ्यात परात, परातीत मोड आलेले वाल, मांडीवर सालांसाठी पसरलेलं वर्तमानपत्र. बिरड्याचे वाल सोलणं हे बसून करायचं काम, आणि एकदा बसलं की मी मध्ये उठत नाही. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या बाईने रोह्याजवळच्या एका कंपनीचं नाव सांगितलं, माझा अर्ज पोचलाय म्हणाली, आणि उद्या सकाळी भेटायला याल का असं विचारलं. मी येते म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी उभी आहे. सालं जमिनीवर पसरली होती आणि नवरा दारातून बघत होता.

"कुणी साहेब होते का?" त्याने विचारलं.

साहेब कुणीच नव्हते. पण असाच उभं राहून घेतलेला एक फोन मी विसरलेले नाही. त्या फोनमुळे एक गुन्हा उघडकीला आला होता. सालं गोळा करता करता सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं, म्हणून लिहून काढते. नावं कुणाचीच देत नाही. माणसं इथलीच आहेत आणि बाजारात भेटतात.

मी तेव्हा पेणला सहायक पोलीस निरीक्षक होते. स्वेच्छानिवृत्ती घ्यायला अजून वेळ होता. मंगळवारची सकाळ होती, हजेरी नुकतीच झाली होती आणि रात्रपाळीचे लोक डायरी सोपवून घरी निघाले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर मायलेकी उभ्या होत्या. गाव कासूच्या अलीकडचं, खारेपाटातलं. आई मिठागरावर कामाला, मुलगी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. बोलत होती ती आई. ठाण्यात दोन माणसं आली आणि एकच बोलत असलं की जे गप्प असतं त्याचं काम असतं, असं मी गृहीत धरते. मी मुलीला खुर्ची दिली.

"मॅडम, हिचं कागद गेलं," आई म्हणाली. "चोरीला नाय गेलं. हिनं सवताच्या हातानं नेऊन दिलं."

मुलीने खालमानेने सांगितलं ते असं. तिने नोकरीच्या एका साइटवर नाव नोंदवून कंपन्यांना अर्ज केले होते. महिने गेले, कुणाचं उत्तर नाही. तेवढ्यात एका मैत्रिणीने तिला सोशल मीडियावरच्या नोकरीच्या ग्रुपमध्ये घेतलं. पेण-रोह्याकडची शेकडो मुलं त्यात होती. रोज कुणाच्या तरी निवडीची बातमी, हाराचा फोटो, खाली अभिनंदनाची रांग. साइटवर सगळी शांतता आणि इथे रोज जत्रा. तिथूनच तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. रोह्याला स्टेशनजवळ बंद पडलेल्या एका क्लासची खोली होती. टेबल, टेबलावर फाइली आणि पलीकडे मास्क लावलेला साहेब. प्रश्न अगदी कंपनीत विचारतात तसे. शेवटी त्याने पडताळणीसाठी मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली, पोच म्हणून शिक्का मारलेली चिठ्ठीही दिली. पंधरवडा गेला आणि निरोप आला, जागा भरल्या, कागद परत हवे असतील तर प्रक्रिया शुल्क भरा. तिने पोलिसांचं नाव काढल्यावर फोन आला की कागद फाडून कुंडलिका नदीत टाकू.

इथवर नेहमीची फसवणूक. पण त्याच आठवड्यात, ज्या साइटवरची आशा तिने सोडली होती, तिथून एका खऱ्या कंपनीचं उत्तर आलं. परीक्षा झाली, मुलाखत झाली, प्रयोगशाळेत निवड झाली. येत्या सोमवारी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. नाही झालं तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणार होते.

"सोमवारी नाय गेली तर मंगळवारी माझ्याबरोबर मिठागरावर येल," आई म्हणाली. "तिथं कोण कागद मागत नाय."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली आणि आईकडे बघितलं. आई बोलून बसली होती, पण तिचेही डोळे पोरीवरच होते. मी फिर्याद लिहायला घेतली. हद्दीवरून थोडी चर्चा झाली. कागद दिले रोह्याला, धमकीचा फोन आला घरी, म्हणजे आमच्याकडे. गुन्हा आमच्याकडे दाखल केला आणि रोह्याला कळवलं.

तपास सुरू झाला आणि लगेच अडला. ग्रुप चालवणाऱ्याचं नाव खोटं, फोटो कुणा भलत्याचाच. सिमकार्ड परराज्यातल्या माणसाच्या नावावर. क्लासच्या खोलीचा मालक मुंबईला, त्याने फोनवर बोलणं करून किल्ली शेजारच्या दुकानात ठेवली होती. दुकानदाराला मास्कच तेवढा आठवत होता. अलिबागहून सायबर सेलने त्या सोशल मीडियाच्या कंपनीला ईमेल पाठवला, आणि उत्तराला वेळ लागेल हेही सांगितलं. ग्रुपमधल्या मुलांना आम्ही फोन केले तर निम्म्यांनी आमचे कागद आमच्याकडेच आहेत असं सांगितलं. ते खोटं बोलत होते हे आवाजावरून कळत होतं. कागद नदीत जातील या भीतीने कुणी पुढे येईना.

अशा वेळी मी फिर्यादीचा जबाब पुन्हा घेते. पहिल्या खेपेला माणूस काय झालं ते सांगतो, दुसऱ्या खेपेला काय दिसलं ते सांगतो. बुधवारी मुलीला परत बोलावलं, चहा दिला, आणि मुलाखत नाटकासारखी करून दाखव म्हटलं. तू तो साहेब हो, हवालदार तुझ्या जागी बसतील. माझ्याकडचे हवालदार निवृत्तीला आलेले, मिशीवाले गृहस्थ. ते निमूटपणे फाइल छातीशी धरून समोर बसले. मुलीला हसू आलं आणि तिचा आवाज मोकळा झाला. प्रश्न विचारता विचारता ती एकदम थांबली.

"इथं त्याला फोन आला होता," ती म्हणाली. "तो उठून उभा राहिला. कॉलर सारखी केली. 'येस सर, बायोडेटा पाठवलाय सर, कधीपण जॉइन होतो सर.' मग खाली बसला आणि परत साहेब झाला."

हवालदार म्हणाले, त्याच्या वरचा कुणी असेल, टोळी दिसतेय. मी म्हटलं, टोळीचा म्होरक्या बायोडेटा मागत नाही. पलीकडचा दिसत नसताना माणूस फोनसाठी उभा राहतो तो दोघांसाठीच, वरिष्ठासाठी किंवा नोकरी देऊ शकणाऱ्यासाठी. हा भरती करणारा स्वतःच भरती व्हायला निघालेला होता.

मग पुढचं सोपं होतं. सोशल मीडियावर तो खोट्या नावाने होता, तिथे त्याला शोधण्यात अर्थ नव्हता. पण नोकरीच्या साइटवर त्याला खऱ्या नावाने, खऱ्या नंबराने, खऱ्या शाळा-कॉलेजासकट बसावंच लागणार. खोट्या नावाने भरती करता येते, खोट्या नावाने भरती होता येत नाही. आम्ही त्याला शोधायचं सोडून त्यालाच आमच्याकडे अर्ज करायला लावायचं ठरवलं. आमच्या ठाण्याच्या साहेबांना कल्पना दिली. ते म्हणाले, कायद्यात बसेल ते करा, आणि मला रोज सांगा.

जाहिरात द्यायला मालक हवा होता. पेणमध्ये मालक म्हटलं की गणपतीचा कारखानदार. माझ्या ओळखीचे एक होते, रामवाडीच्या बाजूला शेड असलेले. जातील तिथे आवाज आधी पोचायचा. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि एक अडचणही सांगितली. खोटी जाहिरात देऊन खोट्या जाहिरातवाल्याला धरणं मला पटत नव्हतं, कारण चार गरजू पोरं फुकट हेलपाटा मारणार.

"खोटी कशाला मॅडम," ते म्हणाले. "मला खराच माणूस पायजे. आखणीचे कारागीर मिळत नाय म्हणून मी मरतोय. कोण आणून देत असेल तर चोर सोडून कोणीपण चालेल."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. रंग कुणीही देईल, पण डोळ्यांना हात लागतो. असे हात प्रत्येक कारखान्याला हवे असतात आणि प्रत्येक कारखाना दुसऱ्याचे पळवत असतो. तेव्हा जाहिरात खरी निघाली. पेण-रोहा भागातून कामगार भरती करण्यासाठी माणूस हवा, भागाची माहिती आणि स्वतःचा सोशल मीडिया ग्रुप असल्यास प्राधान्य. साइटवर टाकली आणि संध्याकाळपर्यंत अर्ज यायला लागले.

फोन मी स्वतः केले. कारखान्यातून बोलतेय म्हटलं की पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो का, हे मी कान देऊन ऐकत होते. पहिल्याची सरकली. मी हवालदारांना खूण केली. दुसऱ्याची सरकली. तिसरी बाई होती, तिची तर बादलीच लवंडली. हवालदार म्हणाले, "मॅडम, सगळी टोळीच दिसतेय." नोकरी मागणारं प्रत्येक माणूस उभं राहतं, हे मला तेव्हा कळलं. माझा पुरावा पुराव्याच्या लायकीचा नव्हता. सगळ्यांनाच शुक्रवारी बोलावलं.

शुक्रवारी मी साध्या साडीत कारखानदारांची बहीण म्हणून बसले. आजूबाजूला शाडूचे न रंगवलेले गणपती. दोन शिपाई बाहेर टेम्पोपाशी. हवालदारांना ब्रश देऊन एका मूर्तीपुढे बसवलं होतं, पांढरा हात मारायला. मुलीला मुद्दाम आणलं नाही. पुढे ओळख परेडची वेळ आली असती तर आधीच बघितलंय म्हणून वकिलाने ती उडवली असती.

पहिले दोघे चांगले होते, पण त्यांचा ग्रुप म्हणजे गावातल्या क्रिकेटचा. बादलीवाली बाई रोह्याची, बचत गटाचं काम केलेली. तिचं मी नाव लिहून ठेवलं. तिच्यानंतर तो आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. बसण्याआधी त्याने खुर्ची पुसली नाही, शाडू कपड्याला लागेल याची पर्वा केली नाही. कंपनीत काम केलेला माणूस होता.

कारखानदारांनी विचारलं, आखणीचे कारागीर आम्हाला मिळत नाहीत, तुम्ही कुठून आणाल? आणि तो माणूस बोलायला लागला. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं उत्तर मी कुठल्याच मुलाखतीत ऐकलेलं नाही.

"साइटवर येतो त्याला नोकरी नसते," तो म्हणाला. "तो दहा ठिकाणी अर्ज टाकतो आणि जो पहिला बोलावेल त्याच्याकडे जातो. त्याचं शिक्षण, अनुभव सगळं तिथं नीट कळतं, पण हात कसा आहे ते कळत नाही. तुम्हाला पाहिजे तो कारागीर आज दुसऱ्याकडे कामाला आहे. तो साइटवर येणारच नाही. तो सोशल मीडियावर आपण रेखलेल्या डोळ्यांचे व्हिडिओ टाकतो आणि लोक वा म्हणतात. त्याला तिथंच गाठायचं. आधी वा म्हणायचं, मग कामाचं बोलायचं."

कारखानदार पुढे सरकून बसले. मग त्यांचेच प्रश्न सुरू झाले, पगाराचं काय सांगायचं, मुक्कामाचं काय, हमरापूरच्या कारखान्यांमधले लोक येतील का. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, माणूस लय हुशार हाय हो." आपण सापळ्यात बसलोय हे ते साफ विसरले होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

मग मी घरच्या बाईने विचारावं तसं विचारलं. हे सगळं ठीक, पण अनोळखी माणसावर लोक विश्वास कसे ठेवतील? असं कधी करून बघितलंय का?

त्याला हाच प्रश्न हवा होता. मुलाखतीत आपण केलेलं सांगायची संधी कोण सोडतो? त्याने फोन काढला, टेबलावर माझ्याकडे वळवून ठेवला आणि ग्रुप उघडला. तोच ग्रुप. तेच हाराचे फोटो. चालक म्हणून तेच खोटं नाव, आणि फोन याच्या हातात. एवढी माणसं मी एकट्याने जमवलीत, तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरा अभिमान होता.

"आणि एवढी माणसं टिकतात कशी?" मी विचारलं. "दुसऱ्याने जास्त दिले तर पळतील की."

"ओरिजिनल जमा करून घ्यायचे," तो म्हणाला. "कागद आपल्याकडे असले की माणूस हलत नाही."

हे ऐकून कारखानदारांनी खुर्ची मागे घेतली आणि भिंतीकडच्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. मी ते बघून ठेवलं, पण आधी हातातलं काम. मी पर्समधून ओळखपत्र काढलं आणि फोनशेजारी ठेवलं. तो माणूस उठून उभा राहिला. पळायला नव्हे, सवयीने. हवालदार ब्रश घेऊनच मागे येऊन थांबले होते. पंच तयार होते, फोनचा पंचनामा तिथेच केला.

ठाण्यात चौकशीला फार वेळ लागला नाही. मारझोडीने जे मिळत नाही ते साध्या प्रश्नाने मिळतं, असा माझा अनुभव. मी म्हटलं, मुलाखतीला आला होतास, तर तुझे स्वतःचे मूळ कागद दाखव. त्याने फाइल उघडली. सगळ्या झेरॉक्स होत्या.

"माझे ठेकेदाराकडे अडकलेत," तो म्हणाला. "काम सुटलं तेव्हा दिलेच नाहीत. झेरॉक्सवर कुणी घेत नाही मॅडम. तेव्हा कळलं की कागद म्हणजे काय चीज आहे."

मी त्याला म्हटलं, कळलं ते बरं झालं, केलंस ते वाईट केलंस, आता बाकीचे कुठे ठेवलेत ते सांग. रोह्यात त्याच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली ट्रंक होती. आत प्रत्येकाचा कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये, आडनावाप्रमाणे लावलेला. एकही फाडलेला नव्हता. हवालदार म्हणाले, आपल्या मुद्देमालाच्या खोलीत हा माणूस असता तर किती बरं झालं असतं.

आता दुसरी अडचण. जप्त झालेले कागद मुद्देमाल होतात आणि ते न्यायालयाच्या हुकुमाशिवाय परत देता येत नाहीत. मुलीचे कागद चोराच्या ट्रंकेतून निघून सरकारच्या कपाटात अडकले असते, तर तिला फरक काय पडला असता? शनिवारी आरोपीला हजर करतानाच मी मुलीचा अर्ज बरोबर ठेवला, कागदांचे फोटो आणि खऱ्या नकला जोडल्या, आमची हरकत नाही असं लिहून दिलं. न्यायाधीशांनी सोमवारची तारीख वाचली, आरोपीकडे बघितलं, आणि सुपूर्तनाम्यावर कागद देण्याचा हुकूम केला. जामीन म्हणून आईने अंगठा नव्हे, सही केली. इतकी सावकाश, की कारकून पेन परत घ्यायला हात पुढे करून थांबला होता.

बाहेर येऊन आईने पोरीच्या हातातली फाइल स्वतःकडे घेतली. "आता सोमवारपतूर ही माझ्याकडं," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाय."

"आई, मॅडमसमोर तरी," मुलगी म्हणाली.

"मॅडमला म्हाईत हाय तू कशी हायस ती."

सोमवारी मुलगी हजर झाली. बादलीवाली बाई कारखान्यात कामाला लागली आणि अजून आहे. तिने पुढे आखणीचे हात शोधले ते साइटवरही नाही आणि सोशल मीडियावरही नाही. बचत गटातल्या बायकांच्या पोरींना बसवून शिकवलं. कारखानदारांच्या कपाटात कारागिरांची आधार कार्डं आणि दाखले होते, हंगाम संपेपर्यंत कुणी पळू नये म्हणून. इथली जुनी पद्धत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मी काही म्हणण्याआधीच त्यांनी ती वाटून टाकली. दोघे पळाले, असं त्यांनी मला मुद्दाम फोन करून ऐकवलं. बाकीचे राहिले, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी जाऊन बघितलं. आणि ज्या ठेकेदाराने आरोपीचे कागद अडवले होते त्याला मी एक फोन केला. तो संध्याकाळी स्वतः घेऊन आला. शिक्षा भोगून आरोपी बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे खरे कागद होते. पुढे काय केलं मला माहीत नाही. पुन्हा पकडून आणलेलं नाही, एवढं माहीत आहे.

लोक मला विचारतात, नोकरी शोधायला साइट बरी की सोशल मीडिया? मी सांगते, दोन्ही बघा. साइटवर माणूस गरज घेऊन येतो, म्हणून खरं बोलतो पण कंटाळवाणा दिसतो. सोशल मीडियावर तो मिरवायला येतो, म्हणून छान दिसतो. फसवणारे दोन्हीकडे आहेत. आपला कागद मात्र कुठल्याच बाजूला सोडायचा नाही. या गुन्ह्याने मला शिकवलं ते एवढंच. गरजेला उभं राहण्यात कमीपणा नाही, पण उभं राहिल्यावर हातातलं काय खाली ठेवतोय ते बघावं.

ती मुलगी आता त्याच कंपनीत वरच्या जागेवर आहे. सुरक्षा विभागात बाई अधिकारी हवी आहे, असं तिनेच मला कळवलं. मी म्हटलं, तूच साहेबांना सांग की. ती म्हणाली, नाही ताई, साइटवर रीतसर अर्ज टाका.

सोमवारी सकाळी बिरड्याचा डबा घेतला आणि पेणहून गाडीने रोह्याला गेले. कंपनीच्या दारात नाव लिहिलं, आत जाऊन बसले. टेबलामागच्या तरुणाने अदबीने चहा मागवला, माझी फाइल बघितली आणि हात पुढे केला. म्हणाला, ओरिजिनल जमा करावी लागतील मॅडम, पडताळणीसाठी, दोन दिवसांत परत मिळतील.

"आत्ताच बघून घ्या," मी म्हटलं. "बघून होईपर्यंत मी बसलेय."

त्याने एकेक कागद बघितला. मी चहा प्यायले, झेरॉक्स त्याला दिल्या, आणि मूळ कागद डब्याच्या पिशवीत टाकून वरून चेन लावली.